मतपत्रिकेच्या तळाशी

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि तिचं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतलेलं होतं, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्या अमेरिकी पक्षाने ते नाव कुठून उचललं, हे फारसं कुणी सांगत नाही. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात पक्ष काढला, तेव्हा झेप घेणारा काळा पँथर आधीच एका निवडणुकीत उतरलेला होता. अलाबामा राज्यातल्या लाउंड्स नावाच्या गरीब, कापूस पिकवणाऱ्या काउंटीत ते एका स्थानिक पक्षाचं निवडणूक चिन्ह होतं. त्या चिन्हावर लढणाऱ्या सात उमेदवारांपैकी कुणालाही आमदारकी-खासदारकी नको होती. एकाला शेरीफ व्हायचं होतं, एकाला कोरोनर, एका बाईंना मालमत्तांची करआकारणी करणारी अधिकारी आणि एकाला करवसुली अधिकारी. उरलेले तिघे काउंटीच्या शिक्षण मंडळासाठी उभे होते.

संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा कोरोनर लोकांनी मतं देऊन निवडायचा, हे आपल्याला विचित्र वाटतं. मुंबईतही १९९९ पर्यंत कोरोनर होता, पण तो सरकारने नेमलेला असे. शेरीफही आपल्या ओळखीचा. मुंबईचा नगरपाल म्हणजे शेरीफच. दिलीपकुमार, सुनील गावस्कर अशांनी ते पद भूषवलं आणि ‘भूषवलं’ हेच क्रियापद त्याला शोभतं, कारण त्यात मानाखेरीज फारसं काही नाही. अमेरिकेत तोच शेरीफ कमरेला पिस्तूल लावतो, काउंटीचा तुरुंग चालवतो, समन्स बजावतो, घर खाली करण्याचा कोर्टाचा हुकूम अमलात आणतो. आणि हे सगळं तो लोकांची मतं घेऊन करतो.

अमेरिकेत अशा काउंट्या तीन हजारांहून जास्त आहेत. काउंटी म्हणजे आपला जिल्हा, असं ढोबळमानाने म्हणता येईल, पण आकारात काही मेळ नाही. कॅलिफोर्नियातल्या लॉस एंजेलिस काउंटीत सुमारे एक कोटी माणसं राहतात आणि त्यांच्यावर पाच निवडून आलेले सुपरवायझर कारभार करतात. म्हणजे एकेकाच्या वाट्याला वीस लाख लोक. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत. त्यांतल्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४ माणसं मोजली गेली. आपल्या एखाद्या वाडीपेक्षाही कमी, पण शेरीफ आणि काउंटी जज तिलाही लागतोच. टेक्सासमधला हा ‘काउंटी जज’ मुख्यतः प्रशासक असतो. अर्थसंकल्प मंजूर करणाऱ्या मंडळाचं अध्यक्षपद त्याच्याकडे असतं आणि वादळ आलं की लोकांना घरं सोडायला सांगणारा हुकूमही तोच काढतो. लुईझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात, अलास्कात बरो. कनेटिकटने १९६० साली काउंटीचं सरकारच मोडीत काढलं.

आपल्या जिल्ह्याशी खरा फरक आकाराचा नाही, तो नेमणुकीचा आहे. आपल्याकडे कलेक्टर, पोलीस अधीक्षक, जिल्हा शल्यचिकित्सक, कोषागार अधिकारी, जिल्हा सरकारी वकील ही सगळी माणसं वरून येतात. बदली झाली की जातात. लोक निवडतात ती जिल्हा परिषद, आणि पोलीस किंवा जमीन महसूल तिच्या हातात नसतो. अमेरिकी काउंटीत कलेक्टर नावाच्या एका माणसाचे अधिकार पाच-सहा जणांत वाटून टाकलेले आहेत, आणि यातला जवळजवळ प्रत्येक जण दर चार वर्षांनी लोकांच्या दारात जातो. पोलीस शेरीफकडे. घराची, शेताची किंमत ठरवून करआकारणी करणं असेसरकडे. पैसा खजिनदाराकडे. जमिनीची खरेदीखतं, लग्नाचे परवाने आणि बऱ्याच ठिकाणी निवडणुकीची यंत्रणाही काउंटी क्लार्ककडे. रस्ते आणि अर्थसंकल्प कमिशनर मंडळाकडे. गुन्हा घडला तर खटला भरायचा की नाही हे ठरवणारा वकीलही बहुतेक राज्यांत निवडूनच येतो. कुणी कुणाचा साहेब नाही. कमिशनर मंडळ शेरीफला पैसे कमी देऊ शकतं, पण घरी बसवू शकत नाही. इंडियाना राज्यात तर शेरीफवरच वॉरंट निघालं तर ते बजावायचं काम कोरोनरचं असतं.

ही पद्धत मुद्दाम घडवलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, अँड्र्यू जॅक्सन राष्ट्राध्यक्ष होते त्या काळात, सत्ता मूठभर घराण्यांच्या आणि गव्हर्नरच्या मर्जीतल्यांच्या हातात नको, ती सामान्य (अर्थात गोऱ्या आणि पुरुष) मतदाराच्या हातात हवी, अशी लाट आली. मिसिसिपीने १८३२ च्या राज्यघटनेत सगळे न्यायाधीशदेखील निवडून द्यायचं ठरवलं. मग एकामागून एक राज्यांनी पदं मतपत्रिकेवर चढवली, आणि मतपत्रिका एवढी लांब झाली की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती आखूड करण्यासाठी वेगळी चळवळ उभारावी लागली. रिचर्ड चाइल्ड्स तिचा प्रवर्तक. वुड्रो विल्सनही पुढे राष्ट्राध्यक्ष होण्यापूर्वी तिच्यात होते. म्हणणं साधं होतं: मतदाराला चाळीस नावं दिली तर तो त्यांतली दोन-तीनच ओळखणार, बाकीची पक्षाचा दादा भरणार. शहरांनी त्यांचं बरंच ऐकलं आणि पगारी व्यवस्थापक नेमले. काउंट्यांनी फार कमी ऐकलं. आजही अमेरिकेत निवडून येणाऱ्या पदांची संख्या पाच लाखांच्या वर जाते, आणि त्यांतली बहुतेक स्थानिक आहेत.

चाइल्ड्स ज्या दादाची भीती घालत होते त्याचं नमुनेदार उदाहरण मिसूरीतल्या जॅक्सन काउंटीत सापडतं. कॅन्सस सिटी शहर याच काउंटीत. तिथे टॉम पेंडरगास्ट नावाच्या राजकीय बॉसचा शब्द चालायचा. १९२२ साली त्याच्या माणसांनी एक उमेदवार उचलला. पुरुषांच्या कपड्यांचं दुकान नुकतंच बुडालेला, कर्जात असलेला, पहिल्या महायुद्धात तोफखान्याचा कॅप्टन राहिलेला हा माणूस. भांडवल एवढंच की त्याच्या तुकडीतले सैनिक त्याच्यावर जीव टाकत आणि मतं मागत फिरायला तयार होते. तो काउंटीच्या कारभारी मंडळावर निवडून आला, १९२४ मध्ये हरला आणि १९२६ मध्ये मंडळाचा प्रमुख झाला. मग त्याने रस्त्यांसाठी कर्जरोखे काढायला मतदारांची परवानगी मागितली, ती मिळवली आणि कंत्राटं बॉसच्या मित्रांना वाटण्याऐवजी कमी बोली लावणाऱ्यांना दिली. बॉस चिडला, पण रस्ते चांगले झाल्यामुळे त्याला उघड काही बोलता येईना. नवं कोर्टहाउस बांधायचं म्हणून हा गृहस्थ स्वतः गाडी चालवत दूरदूरच्या राज्यांतली कोर्टहाउसं बघत हिंडला आणि लुईझियानातल्या श्रीव्हपोर्टची इमारत आवडली म्हणून तिच्याच वास्तुरचनाकाराला घेऊन आला. त्याचं नाव हॅरी ट्रुमन. १९२४ चा तो पराभव पदासाठीच्या अंतिम मतदानातला त्याचा एकमेव पराभव ठरला. पुढे तो राष्ट्राध्यक्ष झाला. पेंडरगास्ट १९३९ मध्ये करचुकवेगिरीच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला. बॉसच्या आशीर्वादाने आलेला माणूस प्रामाणिक कारभार करू शकतो, असा याचा अर्थ काढायचा तर काढावा. माझ्या मते तो अपवाद आहे आणि पेंडरगास्टने निवडून आणलेल्या बाकीच्यांची नावं आपल्याला आठवत नाहीत, यातच उत्तर आहे.

आज काउंटीच्या पदासाठी उभं राहायचं तर राज्याराज्यांत वेगळे नियम आहेत, पण वाट साधारण सारखी. तिथे राहत असल्याचा पुरावा द्यायचा, ठरलेल्या तारखेच्या आत अर्ज भरायचा आणि एक तर शुल्क द्यायचं, नाहीतर मतदारांच्या सह्या गोळा करायच्या. बऱ्याच राज्यांत आधी पक्षांतर्गत निवडणूक, म्हणजे प्रायमरी, जिंकावी लागते. ज्या काउंटीत एकाच पक्षाचा वरचष्मा आहे, तिथे प्रायमरी हीच खरी लढत असते आणि नोव्हेंबरचं मतदान नुसता उपचार. कॅलिफोर्नियात काउंटीच्या पदांसाठी मतपत्रिकेवर पक्षाचं नावच छापत नाहीत. प्रचार म्हणजे अंगणात रोवायच्या पाट्या, काउंटीच्या जत्रेतला स्टॉल, मिरवणुकीत उघड्या गाडीतून हात हलवणं, चर्चच्या जेवणाला हजेरी. पाट्यांवर जाहीरनामा नसतो, फक्त आडनाव आणि पद. मतदाराला तळाच्या रकान्यात ओळखीचं आडनाव दिसलं की काम झालं, हे उमेदवाराला पक्कं माहीत असतं.

ओळखीवरून आठवलं. केंटकीतल्या रोवन काउंटीत किम डेव्हिस या बाई २०१४ मध्ये काउंटी क्लार्क म्हणून निवडून आल्या. त्याआधी ३७ वर्षं तेच पद त्यांच्या आईकडे होतं. घराणेशाही ही आपलीच खासियत नाही! जून २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहांना मान्यता दिल्यावर डेव्हिसबाईंनी धर्मश्रद्धेचं कारण देऊन विवाह परवाने द्यायचंच थांबवलं. त्या नोकर असत्या तर वरिष्ठांनी निलंबित केलं असतं. पण त्यांना वरिष्ठच नव्हता. न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना काही दिवस तुरुंगात ठेवावं लागलं, पण पद गेलं नाही. ते २०१८ मध्ये मतदारांनीच काढून घेतलं.

आणि कधीकधी या तळाच्या पदावरून देशाचं नशीब फिरतं. २००० साली फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीत थेरेसा लपोर या निवडून आलेल्या निवडणूक अधिकारी होत्या. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार बरेच होते आणि काउंटीत वयस्कर मतदार पुष्कळ. म्हाताऱ्या माणसांना नीट दिसावं म्हणून त्यांनी अक्षरं मोठी केली. त्यामुळे नावं एका पानावर मावेनात, ती समोरासमोरच्या दोन पानांवर गेली आणि भोकं पाडायची जागा मधोमध आली. डाव्या पानावर दुसरं नाव अल गोर यांचं होतं, पण दुसरं भोक उजव्या पानावरच्या पॅट ब्यूकॅनन यांचं. गोर यांच्या बालेकिल्ल्यात ब्यूकॅनन यांना ३,४०० हून अधिक मतं पडली, जी खुद्द त्यांनाही आपली वाटली नाहीत. जॉर्ज बुश फ्लोरिडा ५३७ मतांनी जिंकले आणि फ्लोरिडावरच राष्ट्राध्यक्ष ठरला. म्हाताऱ्यांवरची माया एवढी महाग पडल्याचं दुसरं उदाहरण शोधूनच काढावं लागेल.

आता पुन्हा लाउंड्स काउंटीकडे, कारण काउंटीचं पद म्हणजे काय हे तिथल्या लोकांना जितकं कळलं होतं तितकं कुणाला कळलं नसेल. सुमारे पंधरा हजार वस्ती, त्यातले ऐंशी टक्के काळे. १९६५ च्या सुरुवातीला मतदारयादीत एकाही काळ्या माणसाचं नाव नव्हतं. गोऱ्या मतदारांची नोंद मात्र त्यांच्या प्रौढ संख्येपेक्षाही जास्त होती, म्हणजे मेलेले आणि गाव सोडून गेलेलेही यादीत जिवंत होते. जमीन गोऱ्या मळेवाल्यांची, राबणारे वाटेकरी काळे. त्याच वर्षी मार्चमध्ये सेल्मा ते माँटगोमेरी हा मार्टिन ल्यूथर किंग यांचा प्रसिद्ध मोर्चा याच काउंटीतून गेला. तो संपल्याच्या रात्री व्हायोला लिउझो या कार्यकर्तीला मोर्चा गेलेल्या महामार्गावरच गोळ्या घातल्या गेल्या. ऑगस्टमध्ये काउंटीच्या ठाण्याच्या गावी, हेनव्हिलमध्ये, जॉनथन डॅनियल्स या तरुण गोऱ्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याला दिवसाढवळ्या मारलं. मारणारा शेरीफचा विशेष डेप्युटी होता. बारा गोऱ्या पंचांनी त्याला निर्दोष सोडलं.

आता त्या पदांतली चार पुन्हा पाहा. शेरीफ, ज्याच्या माणसांच्या हातात बंदूक. कोरोनर, जो प्रेत पाहून मृत्यू कसा झाला ते ठरवणार. असेसर, जो हजारो एकरांच्या मळ्याची किंमत कमी लावून वाटेकऱ्यांच्या पोरांची शाळा उपाशी ठेवणार, कारण शाळांचा पैसा बराचसा याच करातून येतो. आणि शिक्षण मंडळ, जे त्या शाळा चालवणार. वॉशिंग्टनमध्ये ऑगस्ट १९६५ मध्ये मतदान हक्क कायदा झाला तरी लाउंड्समध्ये माणसाचं जगणं-मरणं या चार खुर्च्यांवरच अवलंबून होतं.

स्टोकली कारमायकल आणि विद्यार्थी अहिंसक समन्वय समितीचे, म्हणजे ‘स्निक’चे, कार्यकर्ते मोर्च्यामागून तिथे येऊन राहिले. त्यांच्याबरोबर जॉन ह्यूलेट हा स्थानिक पुढारी होता. नावं नोंदवली, पण उभं कुठल्या पक्षातून राहायचं? अलाबामात सत्ता डेमोक्रॅटिक पक्षाची, आणि तिथल्या त्या पक्षाच्या चिन्हावर, पांढऱ्या कोंबड्याभोवती, गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा छापलेली असे. शिवाय पक्षाच्या काउंटी समितीने उमेदवारी शुल्क ५० डॉलरवरून ५०० डॉलर केलं. वाटेकऱ्याला ते परवडणार नाही हे उघड होतं. तेव्हा स्निकच्या अभ्यासगटाने राज्याचे कायदे चाळले आणि एक जुनी तरतूद शोधून काढली: प्रायमरीच्या दिवशी सभा घेऊन एका काउंटीपुरता नवा पक्ष काढता येतो. अट एवढीच की त्याला चिन्ह हवं, कारण वाचता न येणारे मतदार पुष्कळ. हे तर आपल्याला समजावून सांगायलाच नको. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून आपण चिन्हावरच मत देत आलो आहोत. अटलांटाच्या क्लार्क कॉलेजच्या संघाचं बोधचिन्ह पँथर होतं, ते त्यांनी घेतलं.

त्यानंतर जे झालं ते मला या सगळ्या कथेत सर्वांत मोलाचं वाटतं. उमेदवार निवडण्याआधी त्यांनी पदं समजून घेतली. शेरीफ काय करतो, असेसर काय करतो, कोरोनरला किती अधिकार, हे सांगणाऱ्या सोप्या चित्रपुस्तिका काढल्या, कायदे वाचायचे वर्ग घेतले. ज्यांना आयुष्यभर कोर्टहाउसच्या दारात उभं केलं नव्हतं, ती माणसं कोर्टहाउसच्या प्रत्येक खोलीत काय चालतं त्याचा अभ्यास करत होती. ३ मे १९६६ ला सुमारे ९०० लोक हेनव्हिलच्या एका चर्चपाशी जमले आणि त्यांनी मतपत्रिकांनी आपले उमेदवार ठरवले. असेसरच्या उमेदवार अ‍ॅलिस मूर यांचा जाहीरनामा एका ओळीत मावणारा होता: श्रीमंतांकडून कर घ्यायचा आणि गरिबांना खायला घालायचं. दरम्यान नाव नोंदवल्याबद्दल मळ्यांवरून हाकललेली कुटुंबं महामार्गाकडेला तंबूत राहत होती आणि रात्री त्या तंबूंवर गोळ्या झाडल्या जात होत्या.

८ नोव्हेंबर १९६६ ला सातही जण पडले. मळेवाल्यांनी आपली काळी माणसं ट्रकमध्ये घालून आणली आणि कुणाला मत द्यायचं ते बजावलं. तरी फरक काहीशे मतांचाच राहिला, आणि नव्या पक्षाला कायदेशीर मान्यता मिळण्याइतकी मतं पडली. १९७० मध्ये जॉन ह्यूलेट लाउंड्सचा शेरीफ म्हणून निवडून आला. ज्या काउंटीत पाच वर्षांपूर्वी त्याला मतही देता येत नव्हतं, तिचा तुरुंग आणि तिची पिस्तुलं त्याच्या ताब्यात आली. तो बावीस वर्षं शेरीफ राहिला.

अशी धग सगळीकडे नसते. बहुतेक काउंट्यांत उलट तक्रार आहे: उमेदवारच मिळत नाहीत. असंख्य शेरीफ, क्लार्क, कोरोनर बिनविरोध निवडून येतात. गावं रिकामी झालेल्या भागात तर मतं इतकी थोडी पडतात की बरोबरी होते. नेवाडात अशा वेळी निकाल नशिबावर सोडतात, तोही पत्ते काढून. २००२ मध्ये तिथल्या एस्मेराल्डा काउंटीच्या कमिशनरपदासाठी दोन्ही उमेदवारांनी पत्ता ओढला आणि दोघांनाही गुलामच आला. शेवटी इस्पिकच्या गुलामाने चौकटच्या गुलामाला हरवलं. एकच मतदार घरातून बाहेर पडला असता तरी हा डाव मांडावा लागला नसता.

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसांना यासंदर्भात एक गोष्ट सांगावीशी वाटते. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्यांची काउंटी मिडलसेक्स. तिच्या कमिशनरांच्या मुदती पाळीपाळीने संपतात, त्यामुळे दर नोव्हेंबरात, राष्ट्राध्यक्ष निवडायचा असो वा नसो, तिथे मतदान असतं. ज्या करावर तुम्ही दर वर्षी कुरकुर करता, ज्या रस्त्यावरच्या खड्ड्यांवर मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात बोलता, त्यांचा निर्णय घेणाऱ्यांची नावं मतपत्रिकेत वरच्या ओळीत नसतात. नमुना मतपत्रिका मतदानाआधी मिळते. ती या वेळी खालून वर वाचायला घ्या, आणि एखाद्या पदासमोर एकच नाव दिसलं तर अर्ज भरायची पुढची तारीख काउंटी क्लार्कच्या कार्यालयात विचारून ठेवा.